काखेत नमुना, गावाला वळसा

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नचिकेत पिंगळीकर स्वतःच्याच घरातून चोरासारखा बाहेर पडला. डाव्या काखेत एक इवलीशी प्लॅस्टिकची डबी, तिच्यावर बनियन, बनियनवर सदरा आणि मार्चचं ऊन तापायला लागलेलं असताना सदऱ्यावर स्वेटर. ताडकळसहून परभणी पाऊण तास. डबी तासाच्या आत लॅबमध्ये पोचायला पाहिजे होती. म्हणजे हाताशी पंधरा मिनिटं जादा. आणि आपल्याकडं पंधरा मिनिटं जादा असणं म्हणजे काहीच नसणं, हे ज्याने एकदा तरी आपल्या भागात प्रवास केलाय त्याला सांगायला नको.

डबीत नमुना होता. कसला, ते जाणत्याने ओळखावं. न ओळखलं तरी आणखी दोन परिच्छेदांत डॉक्टरीणबाई सांगतीलच, कारण त्यांना लाज म्हणून नव्हती.

नचिकेत ताडकळसच्या हायस्कुलात वरिष्ठ लिपिक. हेडमास्तर बदलून जातात, शिक्षक निवृत्त होतात, पण कोणत्या कपाटात कोणत्या सालची टीसी आहे हे एकट्या पिंगळीकरांना ठाऊक. त्यामुळे गावात मान होता. आणि हा मान तीन आठवड्यांपूर्वी परभणीत, चौदा माणसांसमोर, एका वाक्यात मातीत गेला होता. लॅबच्या बाथरूमची कडी तुटलेली. हा आत एका पायाने दार दाबून उभा. आणि लॅबमधला सिद्धोधन बाहेरून खणखणीत आवाजात विचारतो, "पिंगळीकर, झाला का हो नमुना? मागं लाइन लागायलीय!" असल्या वातावरणात ब्रह्मदेवाकडूनसुद्धा काही झालं नसतं. तरी त्या दिवशी कसंबसं निभावलं. पण या खेपेला त्याने हात जोडले, तेव्हा सिद्धोधन म्हणाला, "घरून आना मग. पन तासाच्या आत. अन् गार पडू देऊ नका, काखेत धरून आना."

त्या पहिल्या नमुन्याचा रिपोर्ट बघून डॉक्टर दिपाली मॅडम म्हणाल्या होत्या, "हे बघा, वीर्यात जंतू मारणारी काही प्रथिनं असतात. प्रोटीन. ती शुक्राणूच्या अंगावर बसलेली असतात. जंतू आले तर त्यांना मारतात आणि शुक्राणूला पुढं जायला बळही देतात. राखणदार तोच अन् गाडीवानही तोच. ती कमी पडली की जंतू माजतात आणि शुक्राणू जागच्या जागी लोळत बसतात. तुमची संख्या चांगली आहे, पण शंभरातले जेमतेम दहाच पुढं चाललेत आणि संसर्ग दिसतोय. ते प्रोटीन मोजायची सोय आपल्याकडं नाही, त्यावर अजून संशोधनच चालू आहे, पण माझा अंदाज तोच आहे. तीन आठवडे गोळ्या घ्या आणि परत नमुना द्या. आणि घाबरू नका."

नचिकेतला यातलं एवढंच ऐकू आलं: शंभरातले दहा. शाळेचा निकाल दहा टक्के लागला तर काय होतं, हे त्याला चांगलं माहीत होतं. शेजारच्या खुर्चीत त्याची बायको ईश्वरी बसलेली होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, दोनदा दुर्बीण झाली, पाच देव झाले, आणि जाऊ त्या हळदीकुंकवात बायकांनी तिच्याकडं ज्या नजरेने बघायचं त्या नजरेने बघूनही झालं. ती रिपोर्टकडं बघत होती. नवऱ्याकडं तिने बघितलंच नाही.

घरी पोचल्यावर आईने, सुमंगलाबाईंनी, दारातच विचारलं, "काय म्हणल्या डॉक्टरीणबाई?"

आणि इथं घोळ झाला. नचिकेत म्हणाला, "प्रोटीन कमी असल्याचं आढळून आलेलं आहे."

आता हे वाक्य नीट बघा. पंधरा वर्षं ज्याने "कळविण्यात येते", "आढळून आले आहे", "कार्यवाही करण्यात यावी" अशीच वाक्यं लिहिली, त्याच्या तोंडून दुसरं काय निघणार? सरकारी मराठीत सगळं होतं, पण कोणी करत नाही. प्रोटीन कमी होतं, पण कोणात, ते वाक्यात नव्हतं. आणि आईने विचारलंही नाही. सहा वर्षांत त्या घरात जे जे काही कमी होतं ते ईश्वरीतच होतं, मग प्रोटीन तेवढं दुसऱ्या कोणात कशाला असेल?

दुसऱ्या दिवसापासून ईश्वरीवर प्रोटीनचा मारा सुरू झाला. सकाळी मोड आलेली मटकी, दुपारी फुटाणे, संध्याकाळी डिंकाचा लाडू. शेजारच्या सुमनबाई कुंपणावरून म्हणाल्या, "अंडं द्या तिला, गुमान. देवाला काय कळायलंय!" त्यावर सुमंगलाबाईंनी आठ दिवस सुमनबाईंशी अबोला धरला. आणि वरून पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलला: मूल होऊ दे, सून वर्षभर अळणी जेवेल. म्हणजे मटकी, फुटाणे, सगळं बिनमिठाचं.

ईश्वरी गपचूप खायची. हेच नचिकेतला सोसवेना. ओरडली असती, भांडली असती, माहेरी गेली असती तर एक वेळ बरं. दोरीवर धुणं वाळत घालताना ती फक्त एकदा बोलली. "मी सांगणार न्हाई. तुमीच सांगा. पण पोखर्णीच्या आधी सांगा."

पोखर्णीला जायचं होतं ते याच शनिवारी, परभणीत गाडी बदलून. एकवीस प्रदक्षिणा आणि वर्षभराच्या अळणीचा संकल्प. नचिकेतने तीन आठवडे तयारी केली. एकदा तर कागदही लिहिला, "ती. बाबांस, विषय: प्रोटीनबाबत." पुढं सुचेना म्हणून फाडून टाकला, आणि कोणी जोडून वाचेल म्हणून तुकडे दोन वेगवेगळ्या केरात टाकले. शनिवार उजाडला. साडेआठला बाबा, आई आणि ईश्वरी जीपच्या अड्ड्याकडं निघाले. दारात चप्पल घालता घालता ईश्वरीने त्याच्याकडं एकदा बघितलं. हा म्हणाला, "नीट जा." भेकड माणसाला ऐन वेळेला प्रेमळ वाक्यंच सुचतात.

तर डबी काखेत. डबीवर लेबल: न. वि. पिंगळीकर, वेळ ९.१०. आणि सिद्धोधनने "झाकण घट्ट लावून आना" म्हटलं होतं म्हणून, बोर्डाच्या उत्तरपत्रिकांचं पार्सल बांधतात तशी, खाकी चिकटपट्टी चौफेर गुंडाळून जोडावर सही. सवय, दुसरं काय!

एका हाताने मोटारसायकल चालवत तो वेशीबाहेर पडला आणि नऊ सतराला मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा, हा एवढा. आता? शाळेतल्या कोणाला फोन करावा तर तो विचारणार कुठं निघालात. इज्जत वाचवायची तर वेळ जातो, वेळ वाचवायची तर इज्जत. शेवटी नऊ चोवीसला काळीपिवळी जीप दिसली. त्याने उजवा हात वर केला. जीप थांबली. आत बघितलं आणि वर केलेला हात खाली घ्यायचं राहूनच गेलं. जीप भरल्याशिवाय सूर्यभान ड्रायव्हर अड्डा सोडत नाही, हे तो विसरला होता. मधल्या सीटवर बाबा, आई, ईश्वरी.

"तू शाळेत जाणार होतास ना रे?" बाबा, म्हणजे विष्णुपंत, चष्म्यावरून म्हणाले. विष्णुपंत त्याच शाळेत तीस वर्षं मराठी व्याकरण शिकवून निवृत्त झाले होते. कोणाचंही बोलणं ऐकताना ते आधी प्रयोग ओळखत आणि मग अर्थ.

"हो. शाळेचंच. परभणीला... एक नमुना द्यायचा आहे."

शब्द तोंडातून गेला आणि गेला. सुमंगलाबाईंच्या शेजारी रंगनाथराव बसले होते, निवृत्त कृषी सहायक. त्यांचे डोळे चमकले. "मातीचा? कृषी विद्यापीठात? अरे वा! शाळेत परसबाग करायलात वाटतं!"

"हो," नचिकेत म्हणाला. बुडत्याला काडी काय आणि माती काय.

जागा मिळाली ती मागं, धनगर ग्यानबा आणि त्याचा बोकड यांच्या मधोमध. ग्यानबाने बोकडाला धोतराच्या सोग्यासारखं जवळ ओढून घेतलं आणि म्हणाला, "बसा मालक, काय करत न्हाई त्यो. तेचंच तर दुखणं हाय." पण त्याचा अर्थ तेव्हा कोणाला कळला नाही.

"नमुना कसा घेतला?" रंगनाथराव मान वळवून.

"म्हणजे?"

"म्हणजे पद्धत असती ना! एका ठिकानचा चालत न्हाई. वाकडंतिकडं फिरून आठ-दहा जागचा घ्यायचा, एकत्र कालवायचा."

"एकाच जागचा आहे," नचिकेत घामाघूम होऊन म्हणाला.

"गेला वाया! बरं, किती घेतलाय? अर्धा किलो तरी लागतो."

पुढं ईश्वरीला ठसका लागला. सुमंगलाबाईंनी तिची पाठ चोळली.

"सावलीत वाळवला का?"

"ताजाच पाहिजे म्हणाले."

"कोन म्हनलं? ओला नमुना घेऊन गेलात तर तोंडावर फेकतेत!" रंगनाथरावांनी हताश होऊन जीपच्या टपाकडं बघितलं. शिकलेल्या माणसांचं हे असं, असा त्याचा अर्थ होता.

नऊ छत्तीस. सूर्यभानने जीप थांबवली. एका फाट्यावर कोणी बाई हात करत होती. ती चढायची नव्हती, तिला फक्त भावाला निरोप द्यायचा होता. सूर्यभानने निरोप दोनदा म्हणून पाठ केला. नऊ बेचाळीसला तो पाणी प्यायला उतरला. नचिकेतचा डावा हात अंगाला इतका आवळलेला की बोटं बधिर झाली होती. वरून स्वेटर. घाम पार कोपरापर्यंत आला होता. डबी गार पडायची भीती नव्हती, उकडून निघायची होती. तेही चालत नसेल तर? उबेबद्दल सांगितलं, उकाड्याबद्दल कोणी काही सांगितलंच नव्हतं.

"हात का असा धरलास?" आई म्हणाली. "बघू. काखमांजर झाली का?"

"नाही गं."

"झालीच असंल," रंगनाथराव म्हणाले. "कांदा भाजून बांधा, गळू फुटतंय."

"चुना-गूळ लावा," सूर्यभान पुढून म्हणाला.

"हात वर करून दाखव," आई म्हणाली. "नाही? इतकी ठणकायलीय का रे?" तिचे डोळे भरून आले. नचिकेतला वाटलं, आताच धरणीने पोटात घ्यावं, पण सूर्यभान जीप थांबवेल तरच ते शक्य होतं.

विषय बदलावा म्हणून त्याने ग्यानबाला विचारलं, "बोकड विकायला चाललाय का?"

"न्हाई मालक, दवाखान्यात. चाळीस शेळ्या हायेत. दोन हंगाम झाले, एक गाभन राहिना."

सुमंगलाबाईंना जिव्हाळ्याचा विषय मिळाला. त्या पूर्ण वळून बसल्या. "अगं बाई! मग शेळ्यांना काही दिलंत का? नवस-बिवस?"

ग्यानबा हसला. "शेळ्यांना कशापायी, माय? आमच्यात आधी बोकड बघतेत. शेळ्यांनी काय केलंय? खातेत, पितेत, वाट बघतेत. ह्यो दिसायला दांडगा हाय, पन दिसन्यावर काय असतंय!"

बोकडाने नचिकेतकडं बघितलं. नचिकेतने खिडकीबाहेर बघितलं.

"माणसांचं वेगळं असतं," सुमंगलाबाई म्हणाल्या. "आता आमच्या सुनेचंच घ्या. प्रोटीन कमी निघालंय तिच्यात. किती खाऊ घालायलेय मी! आता वर्षभर अळणी धरणार आहे पोर. आज संकल्प."

ईश्वरी समोरच्या रस्त्याकडं बघत होती. तिची मान ताठ होती आणि ओठ घट्ट मिटलेले होते. मागून नचिकेतला तिचा फक्त कान आणि कानातली कुडी दिसत होती. कुडी थरथरत होती. रस्ता खराब असल्यामुळंही असेल.

"पाव्हनीचं बघितलं," ग्यानबा साध्या मनाने म्हणाला, "पन मालकाचं बघितलं का?"

आणि त्याच घटकेला सूर्यभानपुढं म्हैस आली. करकचून ब्रेक लागला. बोकड उसळला आणि त्याने सगळा दोन हंगामांचा राग काढल्यासारखी नचिकेतच्या बरगडीत धडक मारली. हात उघडला. डबी बनियनमधून, सदऱ्यातून, स्वेटराखालून निसटली, खाली पडली आणि गडगडत थेट रंगनाथरावांच्या पायाशी गेली.

रंगनाथरावांनी ती उचलली. उजेडात धरली. हलवली. "हलवू नका!" नचिकेत ओरडला. त्यांनी लेबल मोठ्याने वाचलं, "न. वि. पिंगळीकर. वेळ नऊ दहा." मग बराच वेळ विचार करून म्हणाले, "ही माती न्हाई."

"पाण्याचा नमुना असेल," सूर्यभान म्हणाला.

विष्णुपंतांनी डबी हातात घेतली, चष्मा वर केला आणि मुलाकडं बघितलं. "कशाचा नमुना आहे हा?"

नचिकेतच्या ओठांवर वाक्य तयार होतं. "सदर नमुना शाळेच्या कामानिमित्त पाठविण्यात येत आहे." इतकं चांगलं वाक्य होतं ते! कोणाला काही कळलं नसतं. इज्जत शाबूत राहिली असती. त्याने तोंड उघडलं आणि त्याला ती कुडी दिसली.

"बाबा, तो माझा नमुना आहे," तो म्हणाला. "प्रोटीन माझ्यात कमी आहे. माझ्यात. ईश्वरीत काहीसुद्धा कमी नाही, कधीच नव्हतं. मी तीन आठवडे गप्प बसलो. ती माझ्यामुळं अळणी जेवायलीय. मला लाज वाटत होती."

जीप उभी. म्हैस उभी. सूर्यभानने इंजिनही बंद केलं होतं, त्यामुळं शब्द न् शब्द पुढच्या सीटपर्यंत नीट ऐकू गेला. आता हे संध्याकाळपर्यंत ताडकळसच्या पारावर असणार, हे नचिकेतला कळलं, आणि आश्चर्य म्हणजे त्याला हलकं वाटलं.

"सहा वर्षांत पहिल्यांदा," विष्णुपंत हळूच म्हणाले, "कर्ता घालून बोललास."

सुमंगलाबाई हातातल्या पिशवीकडं बघत राहिल्या.

सगळ्यांत आधी भानावर आला तो ग्यानबा. "आरं, मग बघत काय बसलाव! ते गार पडलं की मरतंय! काखेत घाला मालक, काखेत! सूर्यभान, हान गाडी!"

सूर्यभान पिंजरकर वीस वर्षं जीप हाकत होता आणि त्याने आजवर रस्त्यातला वर केलेला हात कधी मोकळा सोडला नव्हता. त्या दिवशी त्याने अकरा हात सोडले. रंगनाथराव प्रत्येक हाताला खिडकीतून ओरडून सांगत होते, "नमुना हाय! नमुना!" जणू रुग्णवाहिका. नचिकेत दोन्ही हातांनी स्वतःला मिठी मारून बसला होता आणि बोकडाने आता त्याच्या मांडीवर मान टेकवली होती.

दहा वाजून चार मिनिटांनी जीप लॅबच्या दारात. सिद्धोधनने डबी उलटीसुलटी केली. "हे काय, बोर्डाचं पार्सल हाय का? सही कशाला केलीय? उघडायचं कसं?" कात्री सापडेना. दातांनी पट्टी तुटेना. सहा मिनिटं उरलेली, आणि नचिकेत नखांनी स्वतःचीच सही खरवडत होता. शेवटी ग्यानबाने कमरेचा चाकू काढला, शेळ्यांची खुरं कापायचा, आणि एका झटक्यात बोर्डाचं सील फोडलं. सिद्धोधनने रजिस्टरात वेळ लिहिली: दहा वाजून आठ मिनिटं. मग त्याची नजर बोकडाकडं गेली. "ह्याचा पन द्यायचाय का?"

"ह्याचा तिकडं, जनावराच्या दवाखान्यात," ग्यानबा म्हणाला.

"सोमवारी रिपोर्ट," सिद्धोधन नचिकेतला म्हणाला. मग पहिल्यांदाच आवाज खाली आणून पुढं म्हणाला, "होतंय की नीट. लय जनांचं झालंय."

पोखर्णीला जायचं की नाही, हे कोणी विचारलं नाही. नरसिंहाला बोललेलं होतं, जायलाच पाहिजे. देवळात गुरुजींनी पळीत पाणी घेतलं आणि विचारलं, "संकल्प कोण करणार?" ईश्वरी सवयीने पुढं झाली. सुमंगलाबाईंनी तिचा दंड धरून तिला मागं ओढलं.

"ज्याच्यात कमी आहे तो करंल," त्या म्हणाल्या.

नचिकेतने एकवीस प्रदक्षिणा घातल्या. फरशी तापलेली. डावा हात अजून अंगाला घट्ट, काखेत काही नसताना. ईश्वरी पायरीवर बसून मोजत होती. तो म्हणाला अकरा झाल्या, ती म्हणाली नऊ. त्याने वाद घातला नाही.

मग सगळे झाडाखाली जेवायला बसले. सुमंगलाबाईंनी पिशवीतून डबे काढले. एका डब्यात भाजी-पोळी आणि लोणचं. दुसरा लहान, ईश्वरीचा, अळणी. त्यांनी लहान डबा उघडला आणि नचिकेतपुढं सरकवला. मोठा डबा ईश्वरीपुढं ठेवला, आणि लोणच्याची फोड स्वतःच्या हाताने तिच्या पोळीवर ठेवली. सुनेकडं त्यांना बघवेना.

ईश्वरीने पहिला घास घेतला. चावता चावता तिचे डोळे भरून आले आणि गालांवरून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलं नाही.

"मीठ जास्त झालंय का गं?" सुमंगलाबाईंनी घाबरून विचारलं.

"न्हाई आई," ईश्वरी म्हणाली. "बरोबर आहे."